उदाहरणादाखल मालीवान

३१ ऑगस्ट २०२५, रविवार

पाणी सोडते ती! रोज. पहाटे साडेपाचला, मागच्या अंगणात, कडुनिंबाच्या बुंध्याशी बसून.

दोन महिने झाले मालीवानला आमच्या घरी येऊन, आणि मला हे आज कळलं. मी उठते आठला, म्हणून. आज बाबांच्या खोकल्याने जाग आली आणि खिडकीतून दिसलं. केस ओले, हातात पितळेचा एवढासा गडू — इतवारा बाजारातून आणलेला, आईला वाटलं शोभेसाठी थायलंडला नेणार. आधी भिंतीवर मूठभर ज्वारी टाकली पाखरांना. मग गडूतून वाटीत पाण्याची बारीक धार. ओठ हलत होते, चालीत काहीतरी पुटपुटणं खिडकीपर्यंत येत होतं. वाटी भरली तशी उचलून झाडाच्या मुळाशी ओतली आणि हात जोडले.

माझ्या अंगावर काटा आला — रागाने. तर्पण! ज्या घरातून आजोबांनी छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन परत आल्या आल्या देव्हाऱ्यातले सगळे देव उचलून पेढी नदीत टाकले, त्या घरात! आणि करणारी कोण? बौद्ध देशात जन्मलेली, आमच्या चळवळीचा अभ्यास करायला इतक्या लांब आलेली मुलगी.

चहाच्या वेळी गच्चीवर गाठलं आणि सरळ विचारलं. तिची मराठी म्हणजे आईची वऱ्हाडी. चिआंग माईला विद्यापीठात दोन वर्षं हिंदी शिकली. इथे सहा महिने एका कुटुंबात राहायचं, भाषा शिकायची, पाहिलं ते लिहायचं असा अभ्यासक्रम आहे. आणि आल्या दिवशीच आईने तिचा ताबा घेतला. आईसारखंच ‘मी करतो’, ‘मी जातो’ म्हणते.

“मायी लहान बहीण होती, ताई,” म्हणाली. “फा तिचं नाव. फा म्हंजे आभाळ. नऊ वर्षांची. मी तिले शाळेत सोडाले जात होती. रस्ता ओला होता. गाडी मी चालवून राहिली होती.”

एवढंच. रडली नाही. चहावरची साय बोटाने बाजूला सारत राहिली.

“सकाळी पाखराले दाना टाकतो. थे पुण्य तिच्या नावानं करतो. पाणी सोडलं का पोचते तिले.” मग एकदम माझा हात धरला. “आईले नको सांगू. थे रडते. कोणालेच नको सांगू.”

नाही सांगणार म्हटलं. शब्द दिला.

पण मुद्दा डोक्यातून जात नाही. मेलेल्याला पाणी पोचेल कसं? कुठे?

३ सप्टेंबर

आज जेवायला पानगे. आई आणि मालीवान चुलीपाशी, मी शाळेतल्या पोरांच्या वह्या तपासत. शेजारच्या मनकर्णा मावशी खास तिला बघायला आल्या, जेवायलाच बसल्या. “बाई बाई, हिचे डोये किती बारीक वं! दिसते का तिले?”

मालीवान मान वर न करता: “दिसते मावशी. तुमी दोन पानगे जास्त घेतले, थे बी दिसलं.”

आई हसता हसता भिंतीला टेकली. बाबांना ठसका लागला. मावशीही हसल्या, शेवटी.

८ सप्टेंबर

पितृपक्ष लागला. गल्लीत सकाळपासून कावळ्यांना हाका. ते करोत, त्यांचा धर्म त्यांच्यापाशी. माझं भांडण आपल्यांशी आहे. आईचे चुलतभाऊ, हिवरखेडचे चंद्रभान मामा — बौद्ध समाजाच्या तिथल्या शाखेचे अध्यक्ष! — दर वर्षी गोठ्यामागे गुपचूप बापाच्या नावाने पान वाढतात. कोणी पाहिलं तर म्हणतात कुत्र्याला टाकलं. श्राद्ध करणार नाही अशी प्रतिज्ञा घेतलेला माणूस!

अकोल्याहून महादेवरावांचा फोन. तिथल्या विहाराचे सचिव, वर्षावासातली, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांतली, व्याख्यानं तेच ठरवतात. चौदा तारीख, रविवार. विषय: पितृपक्ष आणि आपण.

“म्याडम, जरा झोंबलं पाहिजे बरं का. आपलेच लोक लपून पान वाढून राहिले.”

झोंबेल म्हटलं.

११ सप्टेंबर

भाषण उभं राहिलंय. सांगाडा चांगला आहे, आकडे आहेत, इतिहास आहे. रक्त नाही. एक जिवंत माणूस हवा मध्ये, नाहीतर तिसऱ्या रांगेपासून मागे लोक पंखे मोजतात.

चंद्रभान मामा घेता येत नाहीत. नाव नाही घेतलं तरी लोक ओळखतील, आणि आईला माहेरी तोंड दाखवता येणार नाही.

एक उदाहरण आहे.

नाही. नाही!

१४ सप्टेंबर, रविवार

अकोल्याहून आत्ताच आले. कान अजून वाजताहेत.

विहारासमोरचा टिनाचा मंडप खच्चून भरलेला. सात-आठशे लोक, बहुतेक बाया, पांढऱ्या साड्या. आई नेहमीप्रमाणे मसालेभाताच्या गंजापाशी मदतीला गेली. बाबा पहिल्या रांगेत. मालीवान दुसऱ्या — आईची पांढरी साडी नेसून, फोन वर धरून. ती सगळंच रेकॉर्ड करते, भाषा शिकायला.

पहिली वीस मिनिटं सभा माझी नव्हती. मला कळतं ते. लोक ऐकतात, मान हलवतात, पण हललेले नसतात. आणि मग — मी ठरवलं नव्हतं, खरंच नव्हतं ठरवलं — तोंडातून निघालं: “माझ्या घरात थायलंडची एक मुलगी राहते.”

मंडप एका श्वासात शांत. पुढचं आपोआप आलं. पहाट, गडू, धार. नऊ वर्षांची बहीण. “बौद्ध देशातली शिकलेली पोरगी झाडाला पाणी घालते आणि म्हणते, बहिणीला पोचलं! अरे, पाणी झाडाला पोचतं!” लोक हसले. मग मी आवाज खाली आणला: “मला तिचा राग येत नाही. कीव येते. जगभरच्या बौद्धांनी जे हरवलं, ते आपल्याला छप्पन साली मिळालं. आपण पुन्हा त्याच खुळचट तर्पणाकडे जायचं?”

टाळ्या थांबेचनात. वेळ संपल्याची घंटा वाजवणाऱ्या गृहस्थांनी घंटा खाली ठेवून दिली. बाबांनी चष्मा पुसला.

नाव नाही घेतलं. पण आठशे माना एकाच चेहऱ्याकडे वळल्या हे खरं. तिचा फोन तसाच वर धरलेला होता.

तिला कळलं नसणार. मी वेगात बोलते, आणि व्यासपीठावरची माझी भाषा आईच्या बोलीतली नाही. शिवाय गाडीचं मी बोलले नाही. बहीण गेली एवढंच. तेवढं तरी पाळलं.

परतीच्या बसमध्ये आईच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती. मूर्तिजापूरला सगळे चहाला उतरले, ती नाही उतरली.

१५ सप्टेंबर

साडेपाचला मुद्दाम उठले. अंगण रिकामं.

१६ सप्टेंबर

तिने ज्वारी टाकली भिंतीवर. पाणी नाही.

१८ सप्टेंबर

आई अंगणवाडीतून आली ती पिशवी खाली न ठेवताच माझ्या खोलीत.

“तिनं मले तीन शब्द इचारले,” म्हणाली. “वही घेऊन बसली होती. फोनवर तुयं भाषण लावते, थांबवते, लिहिते. मले म्हणे, आई, तर्पण म्हंजे काय? सांगितलं. म्हणे, खुळचट म्हंजे काय? थे बी सांगितलं. मंग म्हणे — आई, कीव म्हंजे काय?”

“मग?”

“मंग काय! म्हटलं, इसरली मी. तेहतीस वर्षं लेकराइले शब्द शिकवून राहिली अन् म्हणते इसरली! तवाच समजलं मले, काहीतरी इपरीत बोलून आली तू. मी तिकडे गंजापाशी, मले कोणी सांगितलं बी नाही.”

“नाव नाही घेतलं मी.”

“नाव!” आईने पिशवी गादीवर आपटली. “थायलंडच्या कितीक पोरी हायेत वं आपल्या घरात?”



तिला कळलंय तर. शब्द न् शब्द. जिथे कळला नाही तिथे विचारून घेतला.

२० सप्टेंबर

महादेवरावांनी भाषणाचा तेवढाच तुकडा कापून इंटरनेटवर टाकलाय. ‘वाघीण गरजली.’ बेचाळीस हजार लोकांनी पाहिला. मी पाहिला नव्हता — स्वतःचं भाषण मी पाहत नाही, असं सांगत असते लोकांना. आज पाहिला.

चौथ्या मिनिटाला मी म्हणते, “आणि ती गाडी चालवत कोण होतं?” थांबते. किती थांबते! “ही! स्वतः!”

मला हे वाक्य बोलल्याचं आठवत नाही. शपथेवर सांगते, आठवत नाही. पण तो थांबा ओळखीचा आहे. पंधराव्या वर्षी लोखंडी कपाटाच्या आरशासमोर घटवलेला. तीन आकडे मोजायचे मनात आणि मग टाकायचा शब्द.

चौदा तारखेचं पान उघडून पाहिलं. ‘तेवढं तरी पाळलं.’ खोडणार नाही. राहू दे तिथेच ते खोटं.

मामांचं गुपित जपलं मी, कारण ते आपले. हिचं गुपित वापरलं, कारण अकोल्यात हिचं कोणी नव्हतं. याला दुसरा शब्द शोधते आहे सकाळपासून. सापडत नाही.

बाबांना म्हटलं, मला माफी मागायला हवी. वीज मंडळात खांबावर चढून चढून आयुष्य गेलेला माणूस, सरळ बोलतो. “कायची माफी? मुद्दा खोटा होता का?”

“नाही.”

“मंग! खऱ्या गोष्टीची माफी मागतली का उद्या लोक म्हणतीन, साऱ्याचीच मागा.”

मुद्दा खोटा नव्हता. हेच तर. मुद्दा खोटा असता तर सोपं गेलं असतं.

२१ सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री. आईशी कडाक्याचं भांडण.

मी म्हणाले, माझ्या बोलण्याची पद्धत चुकली, पण पाणी सोडणं चूकच आहे. आई भाकरी थापत होती. थापता थापताच बोलली.

“तुया आजा गेला, तवाच्या जलदानात काय केलं होतं आपण?”

“ते वेगळं.”

“काय वेगळं? भंतेजी गाथा म्हणून राहिले होते, अन् तुया बाप गडूतून पाणी ओतत होता — वाटी भरून ताटात सांडेपर्यंत. ताट कोणं धरलं होतं?”

मी. मी धरलं होतं. अकरावीत होते. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत आलं होतं, थंड.

“तो एक दिवसाचा विधी आहे, आई. सामाजिक कार्यक्रम. माणसाची आठवण काढायची, गुण सांगायचे —”

“तिची बी आठवणच हाय. आपल्याले एक दिवस येते, तिले रोज येते. म्हणून रोज करते.”

मला तेव्हाही काहीतरी म्हणायचं होतं. तोंड उघडलं होतं मी. आईने तव्यावरची भाकर उलटली आणि माझ्याकडे पाहिलंच नाही.

तीस-पस्तीस जलदानांत भाषणं केलीत मी. प्रत्येकाच्या पत्रिकेवर छापलेलं असतं, जलदान विधी व पुण्यानुमोदन. पुण्य मेलेल्याच्या नावे करायचं — स्वच्छ छापलेलं! पत्रिकेत मी फक्त माझं नाव कितव्या ओळीत आहे ते पाहत आले.

त्यानंतरच्या सात वर्षांत सहा कपाटं पुस्तकं वाचली आणि हातातलं ताट दिसलं नाही.

२४ सप्टेंबर

चांदूर बाजारला जाऊन आलो. नत्थुजी काका गेले, बाबांचे जुने मित्र, त्यांचं जलदान. मालीवानला आईने बरोबर घेतलं. घरी सोडायला तयारच नाही तिला एकटीला.

तोच विधी. थोरल्या मुलाने स्टीलच्या जगातून पाणी ओतायला सुरुवात केली. भंतेजी पुढे, लोक मागे मागे — निम्म्यांना गाथा येत नाही, ओठ पुटपुटत शेवटचं अक्षर तेवढं सगळे जोरात म्हणतात. मीही त्यातलीच.

मालीवानला ती गाथा अख्खी पाठ आहे. तीच गाथा तर म्हणायची झाडाशी! पहिल्या ओळीलाच मी ओळखली. मी तिच्याकडे पाहत राहिले. तोंड मिटलेलं. डोळे पाण्याच्या धारेवर, हात मांडीवर उलटे. सगळ्या मंडपात जिला येत होती ती एकटी गप्प.

हे मी केलं.

नंतर मला दोन शब्द बोला म्हणाले. उठले, माईकपाशी गेले, म्हटलं गळा बसलाय. परत येऊन बसले. वयाच्या बाराव्या वर्षापासून पहिल्यांदा माईक सोडला.

२७ सप्टेंबर

राजकमल चौकात गिला वडा खायला नेलं तिला. तिला फार आवडतो. दह्याने तोंड भरलेलं असताना बोलले — धीर होत नव्हता म्हणून तेव्हा.

“मालू, मी तुला दिलेला शब्द मोडला. माझी चूक झाली.”

“काही नाही झालं, ताई. वडा थंडा होते.”

“झालं. तू पाणी सोडणं बंद केलंस.”

तिने द्रोण खाली ठेवला. “मले अजून थोडं वाचाचं आहे,” म्हणाली. “मंग बोलतो तुह्यासंग.”

म्हणजे नाही बोलणार. शहाण्या माणसाची नाही म्हणायची रीत. पुस्तकं तर ती वाचतेच आहे — बाबांच्या कपाटातलं एक घेते, दोन दिवसांनी ठेवते, दुसरं नेते. बाबा खूश. “पोरगी वाचून राहिली, पाय! तुह्या भाषणाचा असर होय.” मला तिथून उठून जावं लागलं.

३० सप्टेंबर

महादेवरावांचा फोन. पाच तारखेला वर्षावासाच्या समारोपाचा कार्यक्रम, खीरदान, दीड-दोन हजार लोक.

“अन् म्याडम, त्या पोरीनं पाणी बंद केलं म्हणे, तिले मंचावर बसवू. तिच्याच तोंडून वदवू, का बा म्या सोडलं म्हणून. लोक येडे होतीन!”

“तिला नाही बसवायचं. मी येते.”

“अवं पण —”

“मी येते म्हटलं ना.”

जिथे बोलले तिथेच परत घ्यायला हवं. घरात चहावर मागितलेली माफी म्हणजे चोराने मागच्या दाराने वस्तू आणून ठेवणं. आठशे लोकांनी ऐकलंय, बेचाळीस हजारांनी पाहिलंय.

बाबांना सांगितलं. चष्मा काढला, घडी घातली, खिशात ठेवला. “पुन्हा बोलावणार नाहीत तुले,” म्हणाले.

माहीत आहे.

२ ऑक्टोबर

धम्मचक्र प्रवर्तन दिन. दर वर्षी नागपूरला जाते, या वर्षी नाही गेले. भाषण लिहीत बसले. चार वेळा लिहिलं. प्रत्येक वेळी फार चांगलं होतंय! सुरुवात पकडते, मध्ये खोल जातं, शेवट अंगावर येतो. त्याचीच भीती वाटते आहे. कागद फाडला. काहीच न नेता जाईन.

५ ऑक्टोबर, रविवार

झालं.

मालीवान स्वतःहून आली. मागे बसली, आईजवळ. या वेळी आई गंजापाशी गेली नाही, साडीचा पदर खोचून बसून राहिली.

कागद नव्हता. म्हणाले: मागच्या वेळी मी इथे एका मुलीची गोष्ट सांगितली. ती सांगण्याचा अधिकार मला नव्हता. तिने विश्वासाने सांगितलेलं मी टाळ्यांसाठी वापरलं. आपणही जलदानात पाणी ओततो आणि मी स्वतः ताट धरलंय, तरी हसले तिला. तुम्हाला हसवलं. मी चुकले. त्या मुलीची मी इथे, तुमच्या सगळ्यांसमोर माफी मागते.

साधी वाक्यं. हात वर केला नाही. पण शेवटच्या वाक्याआधी मी थांबले. ठरवून नाही. खरंच नाही! पण तो थांबा बरोबर तीन आकड्यांचा झाला.

आणि लोक उठून उभे राहिले. टाळ्या! मागच्यापेक्षा जास्त. बाया पदराने डोळे पुसत होत्या. महादेवराव कानात म्हणाले, “काय कलटी मारली म्याडम! हे तं त्याच्यापेक्षा भारी झालं.” पुढच्या एप्रिलच्या जयंतीचं आमंत्रण दिलं तिथल्या तिथे.

बाबा म्हणाले होते, बोलावणार नाहीत. मीही तेच धरून चालले होते. तेवढी तरी शिक्षा होईल असं वाटलं होतं.

टाळ्या न वाजवणाऱ्या दोघी. आई आणि ती.

घरी येताना बसमध्ये तिच्या शेजारी बसले. म्हटलं, “मालू?” तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि बघत राहिली बाहेर.

६ ऑक्टोबर

माफीचा व्हिडिओ सकाळीच आला. उघडला नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

पाचला उठले. मालीवान अंगणात होती, हात रिकामे. शेजारी जाऊन बसले.

“माफी वापस घे, ताई,” म्हणाली. “पयल्या दिवशी मले लय राग आला. रागानं बंद केलं. मंग तुयं भाषण लिहून काढलं. तीन डाव वाचलं. बाबाच्या कपाटातलं वाचलं. तू माह्यं गुपित सांगितलं, थे वाईट केलं. थे माफ. पण पाण्याचं तू खरं बोलली. मले पटलं. म्हणून नाही सोडत आता. अन् परवा तू साऱ्याइच्या समोर म्हणते, चुकलं! मंग सांग — पोचते का नाही पोचत?”

खोटं बोलता आलं असतं. आई ‘पोचते’ म्हणाली असती, आणि चुलीपाशी निघून गेली असती.

“नाही पोचत,” म्हणाले.

तिने मान हलवली, हिशोबाचं उत्तर जुळल्यावर पोरं हलवतात तशी. भिंतीवर ज्वारी टिपायला चिमण्या आल्या होत्या.

“तू मंचावर जाऊन साऱ्याइच्या समोर मले सॉरी म्हटलं,” ती म्हणाली. “मी माह्या बहिणीले, फाले, कसं म्हणू आता?”